नखांची रोजनिशी

मानवी देहाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हृदयाला, मेंदूला आणि डोळ्यांना मानाची पाने दिली. नखांच्या वाट्याला मात्र त्या पानांचा समासही क्वचितच आला. आपल्या भाषेनेही नखाला क्षुद्रतेचेच माप ठरवले. ‘त्याच्या नखाचीही सर नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा नख म्हणजे देहातील सर्वांत बिनमोलाची वस्तू हे आपण गृहीतच धरलेले असते. आठवड्याकाठी कापायचे आणि केरात टाकायचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. वस्तुतः याच टाकाऊ समजलेल्या तुकड्यावर देह आपल्या गेल्या काही महिन्यांची हकिकत नोंदवून ठेवीत असतो. ती हकिकत वाचायला माणूस कसा शिकला आणि त्या वाचनाने काय साधले, हे या लेखात पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

नखे काही सांगतात, ही जाणीव प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांत, छातीत पू झालेल्या रोग्याची नखे वाकतात अशी नोंद आहे. बोटांची टोके फुगून नखे घड्याळाच्या काचेसारखी फुगीर होणे, हे फुप्फुसांच्या व हृदयाच्या काही विकारांचे लक्षण आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते. पवित्र शास्त्रातील दानिएलच्या पुस्तकाचा चौथा अध्याय आपल्या वाचकांना परिचित आहेच. गर्वाने आंधळा झालेला राजा नबुखद्नेसर माणसांतून हाकलला जातो आणि त्याची नखे पक्ष्यांच्या नखांसारखी वाढतात. राजा किती काळ रानात राहिला, हे सांगण्यासाठी त्या प्राचीन लेखकाला नखांचीच आठवण व्हावी, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. नख म्हणजे साठत गेलेला काळ, हे त्याने ओळखले होते. मात्र हा काळ नेमका किती, हे मोजण्याचे शास्त्र जन्मायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

ते शास्त्र समजण्यासाठी नखाची रचना थोडक्यात पाहू. आपल्याला दिसते ते कठीण, अर्धपारदर्शक पान म्हणजे नखपट. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. केस, गुरांची शिंगे आणि पक्ष्यांची पिसे यांतही याच कुळातील प्रथिने असतात. नखपट स्वतः निर्जीव आहे, म्हणून तो कापताना वेदना होत नाहीत. जिवंत आहे ते त्याचे मूळ. नखाच्या मागच्या टोकाला कातडीच्या घडीखाली दडलेल्या या मुळात नव्या पेशी अखंड तयार होतात. त्या एकमेकींवर दाबल्या जातात, कठीण होतात, मरतात आणि मागून येणाऱ्या पेशींच्या रेट्याने पुढे सरकतात. अंगठ्याच्या नखाशी दिसणारी पांढरट चंद्रकोर म्हणजे या मुळाचाच उघडा राहिलेला भाग. नखपट ज्या गुलाबी, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या शय्येवर टेकलेला असतो, तिच्यामुळे त्याला रंग येतो. मूळ आणि नख यांच्या सांध्यावरची पातळ त्वचा ही मुळाची राखणदार आहे. ती खरवडून काढण्याची हौस जंतूंना दार उघडून देते.

गर्भात सुमारे दहाव्या आठवड्यात नखांची घडण सुरू होते. हातांची नखे बोटांच्या टोकापर्यंत पोचायला साधारण बत्तीस आठवडे लागतात, पायांची त्यानंतर सुमारे महिन्याभराने पोचतात. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बाळाची नखे पाहून अनुभवी सुईणीला काही अंदाज बांधता येत असे. पुढे आयुष्यभर हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, तर पायाचे त्याच्या साधारण निम्म्याने. बोटे जितकी लांब तितकी वाढ जलद, म्हणून मधल्या बोटाचे नख करंगळीच्या पुढे असते. हाताचे नख मुळापासून टोकापर्यंत पूर्ण बदलायला सहाएक महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला वर्ष ते दीड वर्ष हवे.

बगळ्यांची रांग आकाशातून जाताना नखे एकमेकांवर घासून त्यांच्याकडे पांढरे ठिपके मागण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खेळला असेल. त्या ठिपक्यांचा बगळ्यांशी संबंध नाही, तसाच बहुधा कॅल्शियमच्या कमतरतेशीही नाही. काही आठवड्यांपूर्वी नखाच्या मुळाला कुठे तरी लहानसा मार बसलेला असतो. आपण तो विसरलेलो असतो, पण नखाने त्याची नोंद ठेवलेली असते आणि ती आता दिसू लागते.

ही नोंद शास्त्रशुद्ध रीतीने प्रथम वाचली ती पॅरिसच्या जोसेफ ऑनोरे सिमोन बो या वैद्याने. १८४६ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. विषमज्वरासारख्या जबर आजारातून उठलेल्या रोग्यांच्या नखांवर त्यांना आडव्या खोलगट रेघा आढळल्या होत्या. देह तापाशी झुंजत असताना नखाच्या मुळाचे काम मंदावते. त्या दिवसांत तयार झालेला नखाचा पट्टा पातळ राहतो आणि रोगी बरा झाल्यावर तोच पट्टा खाचेच्या रूपाने पुढे सरकत जातो. बो यांच्या निबंधाचे वैशिष्ट्य असे की, ही लक्षणे चालू आजाराची नसून होऊन गेलेल्या आजाराची आहेत, हे त्यांनी ओळखले. नखाचे मूळ म्हणजे आजची तारीख आणि टोक म्हणजे काही महिन्यांपूर्वीची. वाढीचा वेग ठाऊक असेल, तर खाच मुळापासून किती दूर आहे यावरून आजार केव्हा झाला ते सांगता येते आणि खाचेच्या रुंदीवरून तो किती काळ टिकला याचाही अंदाज करता येतो. या रेघांना आजही बो यांचेच नाव आहे. २०२० नंतर कोविडच्या तापातून उठलेल्या कित्येकांच्या नखांवर त्या पुन्हा उमटल्या, तेव्हा पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा तो निबंध डॉक्टरांच्या पुन्हा उपयोगी पडला.

वाढीचा वेग मोजण्याचे काम अमेरिकेतील एका वैद्याने असामान्य चिकाटीने केले. विल्यम बेनेट बीन यांनी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखाशी खूण करून ती टोकापर्यंत जायला किती दिवस लागतात हे टिपायला आरंभ केला आणि तो नेम तब्बल पस्तीस वर्षे चालवला. १९८० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. बत्तिसाव्या वर्षी जे नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते, ते सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५ मिलिमीटरवर आले होते. म्हणजे वेग सुमारे २३ टक्क्यांनी घटला. या प्रयोगाला ना यंत्र लागले, ना पैसा. लागली ती केवळ एका क्षुल्लक वस्तूकडे आयुष्यभर लक्ष देण्याची तयारी.

नखे न कापता ठेवली तर काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. पुण्याच्या श्रीधर चिल्लाळ यांनी १९५२ साली, शाळकरी वयात, डाव्या हाताची नखे कापणे थांबवले. शिक्षकांचे जपून वाढवलेले लांब नख त्यांच्या हातून मोडले, त्यावर बोलणी बसली आणि त्यातून हा हट्ट उपजला, असे त्यांनीच सांगितले आहे. ११ जुलै २०१८ रोजी न्यूयॉर्क येथे ती नखे कापली गेली, तेव्हा पाचांची मिळून लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली. एकट्या अंगठ्याचे नख १९७.८ सेंटिमीटरचे होते. आपण हिशेब केला तर ही वाढ महिन्याला सरासरी २.३ मिलिमीटर इतकी येते. बीन यांच्या उतारवयातील वेगापेक्षाही ती थोडी कमी आहे. म्हणजे चिल्लाळ यांच्या नखांत काही अद्भुत नव्हते. अद्भुत होती ती सहासष्ट वर्षांची जिद्द, आणि तिची किंमत म्हणून त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला.

मृत्यूनंतरही नखे वाढतात, ही समजूत जगभर आहे. रेमार्क यांच्या पहिल्या महायुद्धावरील प्रसिद्ध कादंबरीतही ती आढळते. ती खरी नाही. नवी पेशी घडायला रक्तातून पोषण लागते, आणि रक्त थांबले की नखाचे मूळही थांबते. मृतदेहाची त्वचा सुकून मागे आकसते, त्यामुळे नख पुढे आल्याचा भास होतो. यावरून इतिहासकाराच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. मृताच्या नखाच्या मुळाशी त्याच्या शेवटच्या दिवसांची नोंद असते आणि तीत नंतर काही वाढत नाही.

या नोंदीत केवळ खाचा नसतात. केराटिनमध्ये गंधकाचे प्रमाण मोठे आहे आणि आर्सेनिकसारखी विषारी द्रव्ये गंधकाला घट्ट धरून बसतात. नख घडत असताना रक्तात जे फिरत असते, त्याचा अंश त्यात कोंडला जातो. १९०० साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या परिसरात आर्सेनिकमिश्रित बिअर पिऊन ६,००० हून अधिक लोक आजारी पडले आणि ७० हून अधिक दगावले, तेव्हा रोग्यांच्या नखांवरील पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची नोंद डॉक्टरांनी केली. पुढे पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यातून आर्सेनिक पोटात गेलेल्या ग्रामस्थांची तपासणीही नखांच्या तुकड्यांवरून करण्यात आली.

या विद्येने इतिहासातील एका जुन्या वादावर दिलेली साक्ष आम्हांला विशेष वाटते. मे १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली ‘इरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन ब्रिटिश जहाजे उत्तर ध्रुवप्रदेशातून पॅसिफिककडे जाणारा मार्ग शोधायला निघाली. त्यांतील १२९ जणांपैकी एकही परतला नाही. पहिल्या हिवाळ्यात मरण पावलेल्या तिघांना सोबत्यांनी बीची बेटावरील गोठलेल्या भूमीत पुरले. त्यांपैकी एक होता ‘इरेबस’वरील पंचवीस वर्षांचा खलाशी जॉन हार्टनेल. त्याचा मृत्यू ४ जानेवारी १८४६ रोजी झाला. पॅरिसमध्ये बो यांचा निबंध प्रसिद्ध झाला, तेच हे वर्ष. त्याचा भाऊ थॉमस त्याच जहाजावर होता, आणि तोही पुढे घरी परतला नाही.

१९८० च्या दशकात कॅनडाचे मानववंशशास्त्रज्ञ ओवेन बीटी यांनी या तीन थडग्यांतील देहांची तपासणी केली. बर्फामुळे ते जवळजवळ जसेच्या तसे राहिले होते. त्यांच्यात शिशाचे प्रमाण मोठे आढळले. अन्नाच्या पत्र्याच्या डब्यांना लावलेल्या डाखातून शिसे पोटात जाऊन मोहिमेचा घात झाला, असे अनुमान निघाले आणि ते लोकप्रियही झाले. तथापि हाडांतील शिसे आयुष्यभराचे असते. ते जहाजावरचे की त्याआधीच्या शहरी जीवनातले, हे हाड सांगू शकत नाही. नख सांगू शकते, कारण त्यात फक्त शेवटच्या महिन्यांची नोंद असते.

२०१६ च्या अखेरीस कॅनडातील संशोधकांनी हार्टनेलच्या हाताच्या आणि पायाच्या नखांचे क्ष-किरणांच्या व लेझरच्या साहाय्याने मुळापासून टोकापर्यंत केलेले वाचन प्रसिद्ध केले. प्रवासाच्या काळात त्याच्या नखांतील शिसे फारसे वाढलेले नव्हते. ते वाढले केवळ अखेरच्या काही आठवड्यांत, देह क्षयाने खंगून हाडांतील साठा रक्तात उतरू लागला तेव्हा. उणीव होती ती जस्ताची, आणि तीही तीव्र. जस्तावाचून देहाची प्रतिकारशक्ती ढासळते. म्हणजे हार्टनेलला विषाने नव्हे, तर निकस अन्नाने दुबळे केले आणि क्षयाने गाठले, असे त्याचे नख सांगते. एका खलाशाच्या नखावरून १२९ जणांचे भवितव्य ठरवता येणार नाही, हे खरे. परंतु ज्याच्या नावे एखादे पत्र वा रोजनिशी आपल्यापुढे नाही, अशा एका गरीब तरुणाची साक्ष १७० वर्षांनी ऐकली गेली, ही गोष्ट लहान नाही.

आपल्या घरांतही ही रोजनिशी रोज लिहिली जात आहे. नख चमच्यासारखे खोलगट झाले, तर रक्तात लोह कमी असल्याची शक्यता असते. आपल्या स्त्रियांत ही उणीव फार आढळते. एकाच नखाखाली नवी काळी उभी रेघ उमटली, ती रुंदावू लागली वा भोवतालच्या कातडीवर पसरली, तर ‘मार लागला असेल’ म्हणून थांबू नये. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली आढळलेला कर्करोग १९८१ साली त्यांच्या मृत्यूला कारण ठरला. मधुमेही माणसाच्या पायाला बधिरता आलेली असू शकते, म्हणून त्याच्या पायाची नखे सरळ रेषेत आणि जपून कापावीत. तेथली लहानशी जखमही चिघळू शकते.

वृद्ध आईवडिलांना वाकून स्वतःची नखे काढणे जमत नाही, तेव्हा ते काम मुलांकडे, सुनांकडे येते. त्याकडे कंटाळवाणे काम म्हणून पाहू नये, असे आम्हांला मनापासून वाटते. नखे कापण्यापूर्वी तो हात उजेडाकडे वळवून क्षणभर पाहावा. गेल्या सहा महिन्यांत ज्याविषयी म्हातारी माणसे तोंडातून अवाक्षर काढत नाहीत, ते कदाचित तिथे लिहिलेले असेल.