पत्री सरकारची न्यायसभा आणि आपली ग्रामसभा

शिराळा म्हटलं की सगळ्यांना नागपंचमीच आठवते. आज मात्र या भागानं स्वतःचा कारभार स्वतः कसा चालवला, ते ऐकूया.

१९३० साली शिराळा तालुक्यातल्या बिळाशीच्या लोकांनी इंग्रजांचा जंगल कायदा मोडला आणि गावात झेंडा उभारला. त्याच सुमारास येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांनी तलाठ्याची नोकरी सोडली. म्हणजे सरकारी दप्तर आतून बघितलेला माणूस! तेव्हा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात होता; सांगलीकडचा भाग १९४९ मध्ये वेगळा झाला.

१९४३ ते १९४६ या काळात नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी इथं प्रतिसरकार चालवलं. शेणोलीची रेल्वे, धुळ्याचा खजिना हे किस्से आपण ऐकलेले असतात. मला त्याहून भारी वाटतं ते न्यायदान मंडळ. जमिनीचे तंटे, सावकाराचा जाच, बाईला टाकून देणं, असले खटले गावातच, लोकांसमोर चालायचे. वकील नाही, तारीख पे तारीख नाही. शिवाय हुंडा आणि थाटमाट टाळून 'गांधी लग्नं' लावली जायची. आम्ही सॉफ्टवेअरवाले जुनी सिस्टीम चालू असतानाच शेजारी नवी उभी करतो, तसंच हे. फक्त इथं पकडले गेलात तर तुरुंग.

शिक्षा मात्र कडक होती. तळपायावर मार बसायचा, त्यावरूनच 'पत्री सरकार' हे नाव पडलं असं सांगतात. हे मला पटत नाही. चुकीच्या माणसाला मार बसला, तर त्यानं अपील कुठं करायचं?

आज अपील आहे, कायदा आहे. १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू आहे. शिराळा शहरात आता नगरपंचायत आहे, पण तालुक्यातल्या गावांत ग्रामसभा भरते. वर्षाचा विकास आराखडा आणि घरकुलाचे लाभार्थी तिथंच ठरायचे असतात. कोरमला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी आकडा पुरतो. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि गंमत म्हणजे तहकूब सभेला कोरम लागतच नाही! मग चार-पाच डोकी अख्ख्या गावाचा निर्णय घेतात, आणि आपण व्हॉट्सॲपवर चिडतो.

तुमच्या गावची मागची ग्रामसभा कोरमसह झाली होती की तहकूब? ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं इतिवृत्ताचं रजिस्टर असतं, त्यातल्या सह्या मोजा. आकडा आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा.