हिरवळीवरील विष आणि गावाचा अधिकार

दि. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा येथील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली आणि पुढे दादरा व नगरहवेलीचा कारभार वरिष्ठ पंचायतीच्या नावे चालू लागला. सात वर्षे हा चिमुकला मुलूख ना पोर्तुगालच्या ताब्यात, ना रीतसर भारतात, अशा विलक्षण अवस्थेत होता. दि. 11 ऑगस्ट 1961 रोजी तो भारतात विलीन झाला. त्या वर्षीच्या कायद्याने पंचायत कायम राहिली. परंतु तिचे काम केवळ सल्ला देण्याचे ठरले. प्रशासकाने त्या सल्ल्याची योग्य ती दखल घ्यावी, एवढी पुस्ती मात्र जोडण्यात आली. विलीनीकरण लोकांनीच मागितले होते, तेव्हा त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. पण सल्ला देणे आणि मनाई करणे यांत अंतर किती, हा प्रश्न त्या पुस्तीत दडलेला आहे. सिल्वासापासून फार दूरच्या एका गावाने तो वरकरणी अगदी क्षुल्लक अशा बाबीवरून धसास लावला. ती बाब म्हणजे घरापुढच्या हिरवळीवर फवारले जाणारे औषध.

औषध हा शब्दही मोठा सोयीचा! कीड मारणाऱ्या आणि तण जाळणाऱ्या विषालाही आपल्याकडे शेतकरी औषधच म्हणतो. शेतावर ते फवारताना निदान पीक वाचविण्याचे कारण पुढे करता येते. हिरवळीवर पिकत काहीच नाही. तेथे केवळ शोभा राखावयाची असते. दुसऱ्या महायुद्धानंतर टू-फोर-डी नावाचे तणनाशक बाजारात आले. ते रुंद पानांच्या वनस्पती मारते आणि गवत मात्र शाबूत ठेवते. त्यापूर्वी पाश्चात्य देशांत हिरवळीतील क्लोव्हर ही तिपानी वनस्पती उपकारक समजली जाई, कारण तिच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते. नव्या औषधाने तीही मरू लागली, म्हणून तिची गणना तणात झाली! मालाला अनुकूल अशी सौंदर्यदृष्टी व्यापाराने घडविल्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, माँट्रिऑलच्या पश्चिमेस सुमारे 40 किलोमीटरवर हडसन नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम पाच हजारांची. तेथील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जून अर्विन यांना आपल्या रुग्णांच्या तक्रारींचा या फवारणीशी संबंध असावा असा संशय आला. 1985 पासून त्या गावच्या सभेला नेमाने हजर राहू लागल्या आणि तोच प्रश्न पुन:पुन्हा विचारू लागल्या. हळूहळू इतर नागरिकांनीही त्यांच्या स्वरात स्वर मिळविला. अखेर 1991 साली गावाने 270 क्रमांकाचा उपविधी संमत करून केवळ शोभेसाठी होणाऱ्या फवारणीस मनाई केली. शेतकऱ्यांना त्यातून वगळले होते. गोल्फच्या मैदानांना पाच वर्षांची मुदत दिली होती. मनाई अविचाराने केलेली नव्हती, हे यावरून दिसते.

1992 साली हिरवळीची निगा राखणाऱ्या दोन कंपन्यांवर या उपविधीखाली खटले झाले. आमच्या औषधांना मध्यवर्ती सरकारची मान्यता आहे, धंद्याला प्रांताचा परवाना आहे, मग गावाला मध्ये पडण्याचा अधिकार कोणता, असा कंपन्यांचा सवाल होता. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि दि. 28 जून 2001 रोजी गावाचा विजय झाला. वस्तू विकण्यास परवानगी आहे एवढ्यावरून ती प्रत्येक गावाने वापरू दिलीच पाहिजे असे होत नाही. रहिवाशांच्या सर्वसाधारण हितासाठी गाव अधिक कडक नियम करू शकते, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

या निकालपत्रात भारताचा उल्लेख आहे. हानीची पूर्ण खात्री पटेपर्यंत थांबू नये, आधीच सावध व्हावे, या तत्त्वाला आधार म्हणून न्यायमूर्ती लरू-द्युबे यांनी भारतीय सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा वेल्लोर निर्णय उद्धृत केला. तो खटलाही नागरिकांच्याच एका संस्थेने, चामडे कमावणाऱ्या कारखान्यांमुळे दूषित झालेल्या पालार नदीच्या परिसरासाठी, चालविला होता. पालारकाठची फिर्याद अशा रीतीने हडसनच्या हिरवळीच्या कामी आली.

भारतात मात्र कीटकनाशकांचा कायदा निराळ्या वाटेने आला. 1958 साली केरळ व मद्रास राज्यांत कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने चौकशी केली आणि 1968 साली कायदा झाला. धोका दिसताच विक्रीस व वापरास तात्पुरती बंदी घालण्याचा अधिकार त्याने केंद्र व राज्य सरकारांना दिला, तोही 60 दिवसांपुरता. फार तर आणखी 30 दिवस. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेल्यावर महाराष्ट्र शासनाने काही औषधांवर 60 दिवसांचीच बंदी घातली, ती याच कलमामुळे. ग्रामपंचायतीला वा नगरपरिषदेला असा अधिकार या कायद्याने दिला नाही. शिवाय स्वत:च्या घरगुती उपयोगासाठी वा परसबागेत कोणी औषध वापरले, तर तो वापर कायद्याच्या कक्षेबाहेरच ठेवला. ज्याच्या खिडकीखाली फवारणी होते त्या शेजाऱ्याचा विचार येथे कोणी केलेला दिसत नाही.

तरीही नागरिकांच्या हाती काहीच नाही असे नव्हे. 1993 पासून अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांत सार्वजनिक आरोग्य, पर्यावरणाचे रक्षण आणि उद्याने यांचा समावेश केला. सिल्वासासारख्या शहरात सार्वजनिक बागेची हिरवळ विषाने राखावयाची की मजुरांकडून खुरपून, हे ठरविण्यास नव्या कायद्याची जरूरी नाही. बागेच्या देखभालीच्या ठेक्यात एक अट घातली की पुरे. आणि ती घालावी म्हणून डॉ. अर्विन यांच्याप्रमाणे दर सभेला अर्ज घेऊन जाण्यास कोणाचीही आडकाठी नाही. खाजगी बंगल्यांचे आणि कारखान्यांच्या आवारांचे काय, हा प्रश्न अधिक कठीण आहे. पावसाळ्यात तेथील पाणीही अखेर दमणगंगेकडेच वाहते.