ट्वेन, शनाया
(२८ ऑगस्ट १९६५ – ). कॅनडियन गायिका व गीतकार. अमेरिकी कंट्री संगीत जगभरच्या पॉप श्रोत्यांपर्यंत नेणाऱ्यांत अग्रगण्य. मूळ नाव आयलीन रेजिना एडवर्ड्‌स. जन्म ऑंटॅरिओ प्रांतातील विंझर येथे. बालपण टिमिन्झ या खाणकामाच्या गावी हलाखीत गेले. ट्वेन हे आडनाव सावत्र वडिलांचे; ते ओजिब्वे या मूलनिवासी समाजाचे. आठव्या वर्षापासून ती बारमध्ये गात असे. १९८७ मध्ये आई व सावत्र वडील मोटार-अपघातात गेल्यावर तिने हंट्सव्हिलच्या डिअरहर्स्ट रिसॉर्टमध्ये गाऊन धाकट्या भावंडांना सांभाळले.

नॅशव्हिल येथे निघालेल्या पहिल्या अल्बमकडे (१९९३) फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यात तिच्या सहलेखनाचे एकच गीत होते. त्याच वर्षी तिने एसी/डीसी व डेफ लेपर्ड या रॉक बँडांचा निर्माता रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग याच्याशी विवाह केला. ‘द वुमन इन मी’ (१९९५) मधील बहुतेक गाणी दोघांनी मिळून लिहिली. फिडलच्या जोडीला रॉकचा दणदणीत ठेका आणि थरांवर थर चढवलेला कोरस आला. ही तर स्टुडिओत घडवलेली गायिका, अशी टीका झाली. ती अगदीच निराधार नव्हती. पण तिच्या गाण्यांतली खट्याळ, कोणाचे ऐकून न घेणारी बाई काही यंत्रातून आलेली नव्हती.

‘कम ऑन ओव्हर’ (१९९७) च्या सुमारे ४ कोटी प्रती खपल्या. १६ पैकी १२ गाणी एकल गीते म्हणून निघाली. परदेशांसाठी त्याची वेगळी आवृत्ती काढताना फिडल व स्टील गिटार मागे सारण्यात आले. तिच्या जागतिक यशाचे मर्म इथे आहे: चाल व गळा तोच, साथसंगत मात्र बाजार पाहून. ‘अप!’ (२००२) मध्ये तर हे उघडच केले. तीच १९ गाणी लाल तबकडीत पॉप, हिरवीत कंट्री आणि निळीत हिंदी चित्रपटसंगीताच्या वळणाने आली. निळी तबकडी बर्मिंगहॅमच्या सायमन व डायमंड दुग्गल या बंधूंच्या साहाय्याने सजली. अमेरिकेत लाल-हिरवी जोडी विकली गेली, इतरत्र लाल-निळी. निळीचे मोल मात्र कुतूहलापुरतेच.

पुढे लाइम रोगामुळे स्वरयंत्राच्या नसा दुबळ्या झाल्या व गाणे जवळजवळ थांबले. २०१० मध्ये लँगशी घटस्फोट झाला. लँगच्या सहभागाविना केलेला ‘नाउ’ (२०१७) अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा आवाज अधिक खर्जातला व किंचित खरखरीत झाला. ‘क्वीन ऑफ मी’ (२०२३) मध्ये तो ऐकायला मिळतो.