पारदर्शक पेटीची कुळकथा

टेबलावरील संगणकाची पेटी पारदर्शक असावी, ही हौस अगदीं आजची वाटते. ॲक्रिलिकचे पांचसहा तक्ते आणावयाचे, त्यांवरचा संरक्षक कागद सोलावयाचा, ते स्क्रूंनीं एकमेकांस जोडावयाचे आणि आंतला मदरबोर्ड, पंखे व तारा चारचौघांस दिसतील अशा मांडावयाच्या. परंतु या हौसेचें कूळ पाहूं गेल्यास आपणांस १९३९ सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनापर्यंत जावें लागतें.

हें प्रदर्शन ३० एप्रिल १९३९ रोजीं उघडलें. तेथें आर. सी. ए. कंपनीनें दूरचित्रवाणीचे संच मांडले होते. त्यांतील चित्रनळी उभी बसविलेली असे आणि चित्र पाहावयाचें तें झांकणाच्या आरशांत! तें पाहून कोणास जादूगाराची पेटी आठवली असल्यास नवल नाहीं. म्हणून एका संचाचें कपाट लांकडाचें न करितां ल्यूसाइट नामक स्वच्छ ॲक्रिलिकचें केलें होतें. आंत कोणतीहि लबाडी नाहीं, हें प्रत्येकानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून घ्यावें. पारदर्शक पेटी ही अशी प्रथम साक्षीदार म्हणून उभी राहिली, शोभेची वस्तु म्हणून नव्हे. आणि मला तिचें हेंच रूप अधिक मोलाचें वाटतें.

हा पदार्थ त्या वेळीं नवाच होता. जर्मनींत ओटो रोम यांच्या कारखान्यानें १९३३ सालीं ‘प्लेक्सिग्लास’ हें नांव नोंदविलें. इंग्लंडांत तोच ‘पर्स्पेक्स’ झाला. कांचेच्या निम्म्या वजनाचा आणि शेंकडा ९२ प्रकाश आरपार सोडणारा हा तक्ता युद्धांत विमानांच्या छतांस लागला. वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले त्याचे कण डोळ्यास बाधत नाहींत, हें पाहून हॅरोल्ड रिडले यांनीं १९४९ सालीं लंडनमध्यें त्याचेंच भिंग माणसाच्या डोळ्यांत बसविलें. पण तो एक स्वतंत्रच विषय आहे.

मग संगणक पत्र्याच्या पेटींत कां गेला? केवळ काटकसर हें त्याचें कारण नव्हे. संगणकाच्या आंत सेकंदास लक्षावधि, आतां तर अब्जावधि, ठोके पडतात आणि त्यांतून रेडिओच्या लहरी बाहेर निसटतात. शेजारच्या रेडिओंत खरखर उठते, दूरचित्रवाणीवर रेषा धांवतात. यास आळा घालण्यासाठीं अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें १९७९ सालीं नियम केले. धातूची पेटी या लहरींस कोंडून ठेवते. ॲक्रिलिक त्यांस मुळींच अडवीत नाहीं. तेव्हां जो हौशी माणूस पारदर्शक पेटी जोडतो, तो एक भिंत काढून टाकीत असतो, आणि हें त्यास ठाऊक असावें. वीजपुरवठ्याचा भाग तरी त्याच्या स्वतःच्या धातूच्या डब्यांत व तीन पिनांच्या भुईजोडणीवरच ठेवावा. तो डबा उघडण्याचा मोह कदापि धरूं नये.

पुढें २००० सालीं ॲपल कंपनीनें आपला घनाकृति संगणक स्वच्छ ॲक्रिलिकच्या वेष्टनांत बसविला. गिऱ्हाइकांस त्यांत बारीक रेषा दिसूं लागल्या. ते म्हणत, या भेगा आहेत. कंपनी म्हणे, सांच्याच्या खुणा आहेत. जुलै २००१ मध्यें त्याचें उत्पादन थांबलें. त्याची किंमत व मर्यादित शक्ति हीं कारणें होतींच; परंतु रंगविलेल्या पत्र्यावर असली रेषा कोणाच्या लक्षांतहि आली नसती.

घरीं जोडणाऱ्यासहि हीच अडचण पडते. स्क्रू हातास किंचित् जड लागतांच थांबावें, नाहींतर भोंकापासून तडा जातो. स्पिरिटनें पुसल्यास ताण पडलेल्या जागीं बारीक भेगांचें जाळें उठतें. साबणाचें पाणी व मऊ कापड पुरेसें आहे. तेंहि हलक्या हातानें फिरवावें, कारण कोरड्या घासण्यानें ॲक्रिलिकवर स्थिर विद्युत् सांचते, ती धूळ ओढून घेते, आणि पत्र्याच्या पेटींत खपून जाणारी ती धूळ येथें प्रत्येक पाहुण्यास दिसते.