नाणं टाकायचं यंत्र आणि जबाबदारी कुणाची?

आपल्या बडोदेकरांच्या आठवणींत परीट आणि कपड्यांची वही नेहमी येते. आज त्याच धुण्याची वेगळी गोष्ट सांगतो.

१९८० च्या सुमारास मी तीन वर्षं लंडनला होतो. खोलीला मोरी नाही, वाळत घालायला दांडी नाही. म्हणून दर शनिवारी बोचकं घेऊन लॉन्ड्रेटमध्ये जायचं. नाणं टाकायचं, यंत्र सुरू. दुकानात माणूस कुणीच नाही!

ही दुकानं फार जुनी नाहीत. अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला १९३४ मध्ये विजेची चार यंत्रं मांडून ती तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात झाली. लंडनला क्वीन्सवे रस्त्यावर मे १९४९ मध्ये पहिलं लॉन्ड्रेट उघडलं, तेही सहा महिन्यांच्या प्रयोगापुरतं. ते चाललं आणि गल्लोगल्ली पसरलं.

माझे वडील इथल्या एका गिरणीत रंगखात्यात होते. कपडा पिळणाऱ्या यंत्राला तिथे 'हायड्रो' म्हणत. आतलं पिंप पूर्ण थांबल्याशिवाय झाकणाला हात नाही, हा त्यांचा दंडक. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही फिरत्या यंत्राला आडोसा हवाच असे. पण तो कायदा कामगारासाठी होता. लॉन्ड्रेटमध्ये यंत्र चालवतं गिऱ्हाईक, त्याचं काय?

ब्रिटनमध्येही हीच फट होती. १९६१ चा कारखान्यांचा आणि १९६३ चा दुकानं-कचेऱ्यांचा कायदा मुख्यतः नोकरदारांचं बघत. १९७२ मध्ये रोबेन्स समितीने अहवाल दिला आणि त्यातून १९७४ चा कामाच्या ठिकाणच्या आरोग्य-सुरक्षेचा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमाने सांगितलं की जागा आणि यंत्रं ज्याच्या ताब्यात, त्याने ती वापरणाऱ्याच्या जिवाचीही शक्य तेवढी काळजी घ्यायची. वापरणारा त्याचा नोकर नसला तरी. हे कलम समजावताना लॉन्ड्रेटचंच उदाहरण देतात. तपासणीचं काम स्थानिक कौन्सिलकडे.

याचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला. ओळखीच्या एका वहिनींचा पाच वर्षांचा मुलगा. पिळायच्या यंत्राचं झाकण त्याने उचललं, तरी आतलं पिंप गरगरतच होतं. वहिनींनी मनगट धरून मागे खेचला म्हणून बोटं वाचली. दुसरं कुणी असतं तर देवाला नमस्कार करून गप्प बसलं असतं. वहिनी सोमवारी सरळ कौन्सिलच्या कचेरीत गेल्या. निरीक्षक आला. मालक म्हणाला, "पाटी लावलीय की." निरीक्षक म्हणाला, "वाचता न येणाऱ्या पोरासाठी कुलूप लागतं." यंत्र त्याच दिवशी बंद केलं आणि झाकणाचा खटका बसवल्यावरच पुन्हा सुरू झालं.

दुसरा धोका आगीचा. सुकवायच्या यंत्रात कापसाचा भुगा साचतो. जाळी साफ केली नाही तर हवा अडते, यंत्र तापतं. तेलकट फडकी त्याहून वाईट. धुतल्यावरही धाग्यात तेल राहतं, गरम कपड्यांचा ढीग केला की ते हवेशी संयोग पावून आणखी तापतं आणि कधी आपोआप पेट घेतं. म्हणूनच शेवटची काही मिनिटं यंत्र गार हवा सोडतं. ती वाया गेली समजून कपडे आधी काढू नयेत. आगीसाठी पुढे २००५ चा आदेश निघाला. त्यातही जबाबदार माणूस ठरलेला असतो. गॅसवर चालणारी यंत्रं नोंदणीकृत कारागिरानेच दुरुस्त करायची, कारण धुराडं तुंबलं तर विषारी वायू खोलीत येतो आणि त्याला वासही नसतो.

आता आपली नातवंडं टोरांटो, न्यू जर्सीला इमारतीच्या तळघरात कपडे धुतात. आपल्याकडच्या शहरांतही अशी दुकानं निघू लागलीत. तेव्हा अभ्यंगाचे तेलकट पंचे सुकवायच्या यंत्रात टाकू नका, जाळी बघा, लहान पोरांना यंत्रापासून दूर ठेवा. आणि खटका मोडलेला दिसला तर नुसतं दुसऱ्या यंत्राकडे वळू नका, तक्रार करा. आपल्यामागून येणारं पोर कुणाचं तरी असतंच ना?