एक डिस्क गेली, तरी नोंद कशी वाचते? बर्कले ते डहाणू-तलासरी

१/ नेटवर्क स्टोरेजमधील एक हार्ड डिस्क बंद पडते, तरीही आतली माहिती शाबूत राहते. या किमयेचा इतिहास १९८० च्या दशकातला आहे. कागदावरच्या नोंदींनाही हाच नियम लागू पडतो, आणि त्याची साक्ष डहाणू-तलासरीत मिळते.

२/ त्या काळी मोठ्या संगणकांना अवाढव्य, महागड्या डिस्क असत. छोट्या डिस्क स्वस्त होत्या. पण संख्या वाढली की त्यांतली एखादी बिघडण्याची शक्यताही वाढे. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली यावर शोधनिबंध मांडला. त्यांच्या रचनेचे नाव ‘रेड’.

३/ तत्त्व सोपे आहे. तीन डिस्कवर ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत. चौथीवर त्यांची बेरीज, २०. दुसरी डिस्क गेली, तर २० मधून ७ आणि ९ वजा करावेत. हरवलेला ४ परत मिळतो. प्रत्यक्षात संगणक बेरजेऐवजी शून्य-एकची सम-विषमता जपतो. तिला ‘पॅरिटी’ म्हणतात.

४/ दुरुस्तीची रीतही ठरलेली आहे. प्रथम अनुक्रमांक पाहून नेमकी बिघडलेली डिस्क ओळखायची. घाईत चांगली डिस्क उपसली, तर सारेच बुडू शकते. मग नवी बसवायची. यंत्र उरलेल्या सर्व डिस्क वाचून तिच्यावर मजकूर पुन्हा उभा करते. याला कित्येक तास, कधी दिवस लागतात. एकच पॅरिटी असेल आणि तेवढ्यात दुसरी डिस्क गेली, तर पुनर्बांधणी अशक्य होते. म्हणून जाणकार आधी महत्त्वाच्या माहितीची प्रत अन्यत्र काढून ठेवतात.

५/ आता कागदाकडे वळू. १९४५ साली आजचा तलासरी परिसर ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली जमीनदाराचा ‘लग्नगडी’ होऊन राबे. कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत. कर्जदाराला अक्षरओळख नाही. नोंदीची प्रत एकच, तीही दुसऱ्याच्या हाती. फेडलेले कर्ज फिटले, हे सिद्ध करणार कसे?

६/ २३ मे १९४५ रोजी झरी येथील किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध निर्धार केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर या लढ्याचे नेते होते. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात तो इतिहास नोंदवला. लढ्याची एक प्रत सरकारी दप्तराबाहेरही उरली.

७/ वनजमीन कसणाऱ्यांची अडचण याहून बिकट होती: पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट, पण नावावर कागद नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आणि २००८ च्या नियमांनी यावर जो मार्ग दिला, तो पॅरिटीची आठवण करून देतो. नियम १३ नुसार गॅझेटियर, जनगणना, नकाशे, न्यायालयीन आदेश, शेताचे बांध, जुन्या विहिरी, दफनभूमी आणि गावातील वृद्धांचे लेखी जबाब हे सारे पुरावे ग्राह्य आहेत. निर्णयासाठी एकाहून अधिक पुरावे पाहावेत, असेही नियम सांगतो. म्हणजे गहाळ कागदाची उणीव उरलेल्या साक्षींतून भरून काढायची.

८/ साम्याला मर्यादा आहेच. पॅरिटी हरवलेला आकडा तंतोतंत परत देते. साक्षींचे वजन मात्र माणसांनाच जोखावे लागते. त्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते.

९/ धोका मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. पुनर्बांधणी चालू असतानाच उरलेल्या डिस्क थकतात. दावा रेंगाळतो, तेव्हा ज्यांना बांध कोणी घातला हे ठाऊक आहे, ती माणसेही एकेक करून निघून जातात. जबाब लिहून झाला नसेल, तर त्यांच्याबरोबर पुरावाही जातो.

१०/ म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी वृद्धांचे जबाब, मग बाकीची जुळवाजुळव. दावा वनहक्क समितीकडे दिला की लेखी पोच घ्यावी, आणि संपूर्ण दाव्याची एक प्रत घरी, दुसरी अन्यत्र ठेवावी. संगणकशास्त्राने हा धडा १९८८ मध्ये सूत्रबद्ध केला. एकाच वहीवर अवलंबून राहण्याची किंमत वारल्यांनी त्याच्या कितीतरी आधी मोजली होती.