राणीची गाठ

“दुखत नाही ना? मग असू दे की!” अंगावर एखादी गाठ हाताला लागली की घरोघरी हेच ऐकू येते. गाठ स्तनात असेल तर त्यात संकोचाची भर पडते. हा संकोच फार जुना आहे, भगिनींनो; अडीच हजार वर्षांपूर्वी एका सम्राज्ञीलाही तो चुकला नाही.

इ. स. पूर्व ५२२ ते ४८६ या काळात इराणवर दारियसचे राज्य होते. अटोसा ही त्याची राणी, सम्राट सायरसची कन्या. तिच्या स्तनात गाठ उद्‌भवली. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की, गाठ लहान होती तोवर लज्जेमुळे तिने ती कोणालाच सांगितली नाही. गाठ फुटून पसरू लागली तेव्हा कुठे डेमोसिडीझ या ग्रीक वैद्याला बोलावणे गेले. हा वैद्य तेथे बंदिवान म्हणून आलेला. त्याने राणीला बरे केले आणि मागितली ती मायदेशाची वाट. राणीने दारियसचे मन ग्रीसकडे वळविले. वाटाड्या म्हणून वैद्यबुवा गलबतावर चढले आणि क्रोटोन या आपल्या गावी पोचल्यावर परतलेच नाहीत! राणी बरी झाली, त्यावरून तो कर्करोग नसून गळू असावे असे काही अभ्यासक मानतात. ते काही असो. जिच्या शब्दावर सम्राटाने गलबते हाकारली, तिला स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र शब्द काढवेना!

आता ‘दुखत नाही’ याविषयी. सुश्रुतसंहितेत ‘अर्बुदा’चे वर्णन आहे: वाटोळे, स्थिर, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे, न पिकणारे आणि वेदना मंद असलेले. वेदना थोडी म्हणून त्या वैद्यांनी ते हलके लेखले नाही. स्तनाच्या कर्करोगाची गाठही आरंभी बहुधा दुखत नाही, असे आजचे वैद्यक सांगते. म्हणून घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. कातडीखाली मऊ, सरकणारे आवाळू बहुधा चरबीचेच असते, आणि स्तनातील बहुतेक गाठीही निरुपद्रवी ठरतात. पण हा निवाडा शेजारणीने करावयाचा नाही. तो डॉक्टरांनी, प्रसंगी सोनोग्राफी करून किंवा सुईने तुकडा काढून करावयाचा. स्तनातील नवी गाठ लगेच दाखवावी. इतरत्रची गाठ वाढू लागली, टणक किंवा आत चिकटलेली लागली, लिंबाएवढी झाली, तर तीही.

मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून एक मोठा प्रयोग केला. वस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. त्यांतील निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन केवळ हाताने तपासत. बाईनेच बाईला तपासावयाचे, यंत्र नाही की काही नाही. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मात्र तसा फरक आढळला नाही.